आत सुरू झालेलं कॉलेज बाहेर तुटू नये म्हणून

आपला मुलगा तुरुंगात आहे, हे मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी सांगत नाही. ‘तो हल्ली ईस्ट कोस्टला असतो’ असं काहीतरी म्हणून विषय बदलला जातो. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी काउंटी जेलमध्ये वर्ग घेते. त्यामुळे अशा घरांतून मला फोन येतात. बहुतेक रात्री दहानंतर, आवाज खाली करून. आधी वकिलाविषयी विचारतात. मग जरा थांबून विचारतात, “त्याचं शिक्षण तर आता संपलंच ना?”

संपलेलं नसतं. कॅलिफोर्नियात तरी नाही. फोनवर जे तुकड्या-तुकड्यांनी सांगते ते इथे सलग लिहिते आहे. ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडलंय, ज्यांना ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ यांतला फरकही कालपर्यंत माहीत नव्हता, त्यांच्यासाठी.

आधी कम्युनिटी कॉलेजविषयी

आपल्या लोकांच्या मनात कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्याला कुठेच प्रवेश मिळाला नाही त्याची जागा. हे मनातून काढून टाका. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. १८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि शिकण्याची कुवत असलेल्या कुणालाही ती दारातून परत पाठवत नाहीत. राज्यातल्या रहिवाशाला फी आहे युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं एकक) ४६ डॉलर, आणि उत्पन्न कमी असेल तर तीही माफ होते. साधारण ६० युनिटं झाली की असोसिएट पदवी मिळते, आणि विषय नीट निवडले असतील तर तिथून सरकारी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. भारतात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे जसं अर्धवट शिक्षण सुटलेल्याला पुन्हा पदवीकडे वळता येतं, त्याच जातीची ही सोय आहे. फरक एवढाच की इथे समोर शिक्षक असतो आणि रोजचा वर्ग असतो.

आपल्या कामाची गोष्ट ही, की हेच कॉलेज भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहे. आत मिळवलेली युनिटं आणि बाहेर मिळवलेली युनिटं एकाच प्रकारच्या गुणपत्रकावर येतात, आणि त्यावर ‘तुरुंगात मिळवलेली’ असा शिक्का नसतो.

हे नेहमी असं नव्हतं. १९९४ च्या केंद्रीय गुन्हेविषयक कायद्याने कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी आणि परत न करायची मदत, बंद केली आणि देशभरातले तुरुंगातले बहुतेक कॉलेज-कार्यक्रम त्याबरोबर बसले. कॅलिफोर्नियात २०१४ साली एसबी १३९१ हा कायदा झाला. प्रिझनच्या आत समोरासमोर शिकवलेल्या वर्गांनाही बाहेरच्या वर्गांइतकाच निधी मिळेल, असं त्याने ठरवलं. तोवर आत पोचायचं ते मुख्यतः टपालाने. २०२१ मध्ये ‘रायझिंग स्कॉलर्स’ हे तुरुंगातल्या आणि तिथून सुटलेल्या विद्यार्थ्यांसाठीचं कम्युनिटी कॉलेजांचं जाळं कायद्याने उभं राहिलं आणि १ जुलै २०२३ पासून पेल ग्रँटही परत आली. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. आत शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं. घरात कुणी ‘आता शिकून काय उपयोग’ म्हणालं तर त्यांना हा आकडा सांगा.

पहिली पायरी : तो नेमका कुठे आहे ते समजून घ्या

काउंटी जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतं. खटला चालू असलेले आणि सहसा कमी शिक्षेचे लोक तिथे असतात. स्टेट प्रिझन राज्याच्या सुधारखात्याकडे असतं आणि तिथे शिक्षा झालेले लोक जातात. केंद्रीय तुरुंग आणखी वेगळा. नियम, पुस्तकं, फोन, कॉलेज, सगळं यावर ठरतं.

जेलमध्ये आज असलेला मुलगा पुढच्या सोमवारी सुटू शकतो किंवा दुसरीकडे हलवला जाऊ शकतो. म्हणून तिथले वर्ग बरेचदा छोटे असतात : चार-आठ आठवड्यांचे, किंवा ‘नॉनक्रेडिट’, म्हणजे ज्यांची युनिटं मिळत नाहीत पण फीही नसते. हायस्कूलची परीक्षा राहिली असेल तर इथूनच सुरुवात करा. प्रिझनमध्ये मुक्काम लांबचा, म्हणून पूर्ण सत्राचे वर्ग आणि कधी आख्खी पदवीही होते. सॅन क्वेंटिनच्या आत तर माउंट तमालपाइस कॉलेज नावाचं स्वतंत्र कॉलेजच आहे. त्याला जानेवारी २०२२ मध्ये अधिमान्यता मिळाली.

दुसरी पायरी : कॉलेज शोधा, तुरुंगाला नव्हे, कॉलेजला फोन करा

तुरुंगाच्या फोनवर तासभर थांबून हाती काही लागत नाही, हा बहुतेकांचा अनुभव. त्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजला फोन करा आणि ‘रायझिंग स्कॉलर्स’चा समन्वयक मागा. आपला माणूस ज्या इमारतीत आहे तिथे या सत्रात कोणते वर्ग चालू आहेत, ते क्रेडिटचे आहेत की नॉनक्रेडिटचे, नाव कुणाकडे द्यायचं आणि पुढचा वर्ग कधी सुरू होतो, एवढं विचारा. गुन्हा कोणता, हे सांगायची गरज नाही. समन्वयक ते विचारतही नाही.

आतून अर्ज मात्र त्यालाच करावा लागतो. भेटीत किंवा पत्रातून त्याला सांगा की शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्याकडे लेखी विनंती दे. फोनवर वर्गाविषयी खुशाल बोला. पण केसविषयी एक अक्षर बोलू नका, कारण ते फोन रेकॉर्ड होतात.

तिसरी पायरी : नाव

ही पायरी दुसऱ्या कुणाच्या मार्गदर्शकात सापडणार नाही. आपल्याकडे मात्र घोळ इथेच होतो. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेत वडिलांचं नाव गाळलेलं. अटकेच्या नोंदीत वडिलांचं नावच पहिलं नाव झालेलं, नाहीतर दोन्ही जोडून एक झालेलं. आत भरलेला कागदी अर्ज अटकेच्या नोंदीतल्या नावाने जातो, बाहेर आल्यावर तो नेहमीच्या नावाने ऑनलाइन अर्ज करतो, आणि कॉलेजच्या दफ्तरात एकाच मुलाचे दोन विद्यार्थी तयार होतात. मग आतली नऊ युनिटं कुणाच्या नावावर आहेत ते शोधण्यात अर्धं सत्र जातं. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आर्थिक मदत नेमकी यासाठी तीन महिने अडकली. तेवढ्यात त्याने गोदामात रात्रपाळी धरली आणि कॉलेज सोडलं. तो अजून डोळ्यासमोर येतो.

म्हणून त्याला सांगा : अर्जावर कायदेशीर नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच. जन्मतारीख लिहिताना महिना आधी. आणि कॉलेजने दिलेला विद्यार्थी क्रमांक पत्रातून घरी कळव. तो क्रमांक तुम्ही तुमच्या वहीत लिहून ठेवा. आत कागद हरवतात, झडतीत जातात, बदलीत मागे राहतात.

चौथी पायरी : पैसा

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या आतल्या वर्गासाठी घरून पैसे भरायची वेळ सहसा येत नाही. फी माफीचा अर्ज समन्वयकच भरून घेतो. ‘घरबसल्या पदवी, कैद्यांसाठी खास’ अशी जाहिरात करणाऱ्या खासगी संस्थेला पैसे पाठवण्याआधी एकच गोष्ट पाहा : तिथली युनिटं सरकारी विद्यापीठ मानतं का. मानत नसेल तर नको.

पेल ग्रँटविषयी माझं मत थोडं वेगळं आहे. ती परत मिळाली याचा आनंद आहेच. पण ती आयुष्यभरात एकूण १२ सत्रांइतकीच मिळते. आतली फी माफ होत असेल तर ती सत्रं बाहेरच्यासाठी राखून ठेवलेली बरी. बाहेर खरा खर्च फीचा नसतो. भाडं, बस, जेवण, पुस्तकं यांचा असतो. आत असताना पेल फक्त मान्यताप्राप्त तुरुंग-शिक्षण कार्यक्रमातच चालते आणि असे कार्यक्रम सरकारी किंवा ना-नफा कॉलेजांचेच असतात. कैदेत असताना केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. जुनं कर्ज थकलेलं असेल तर ते आधी मार्गी लावा, नाहीतर बाहेर आल्यावर ग्रँट अडते.

एक जुनी भीती अजून ऐकू येते, की ड्रग्जची केस असली तर फाफ्साचा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीसाठीचा, अर्ज बाद होतो. आता तसं नाही. तो प्रश्न फॉर्मवरून काढून टाकला आहे.

पाचवी पायरी : कोणता विषय घ्यावा

आत निवड थोडीच असते, पण जी असते ती नीट करावी. पहिल्यांदा इंग्रजी लेखन आणि मग गणित किंवा संख्याशास्त्र. बाहेर आल्यावर नोकरी आणि वर्ग यांची ओढाताण सुरू झाली की हेच दोन विषय मुलांना पाडतात. आत निदान वेळ असतो. माझ्या वर्गात दोन इंची पेन्सिलने संख्याशास्त्राची अख्खी वही भरणारी मुलं आहेत. जेलमध्ये लांब पेन्सिल मिळत नाही, आणि कॅल्क्युलेटर वर्गापुरताच. तेवढ्यावर ती ‘प्रमाण विचलन’ हाताने काढतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारतात की या सूत्रात फरकाचा वर्ग का करायचा, नुसता फरक का नाही. बाहेरच्या वर्गात हा प्रश्न मला क्वचित ऐकू येतो.

प्रत्येक विषयाबाबत एकच विचारायचं : हा विषय पुढे कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी विद्यापीठात धरला जाईल का? ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ या नावाची पदवी घेतली तर कॅल स्टेटमध्ये जागेची हमी असते, एखाद्या ठरावीक कॅम्पसची नसली तरी.

पदवीमुळे शिक्षाही कमी होते का, असं सगळे विचारतात. २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ५७ या कायद्यानंतर प्रिझनमध्ये शिक्षणासाठी दिवसांची सूट मिळू लागली. असोसिएट पदवीला ती १८० दिवसांची आहे. पण कोणत्या शिक्षेला ती कशी लागू होते यात गुंतागुंत आहे, जन्मठेपेत तर फारच. वकिलाला विचारल्याशिवाय घरात कॅलेंडरवर तारीख लिहू नका. ती तारीख हुकली की आईची काय अवस्था होते ते मी पाहिलंय.

पुस्तकं पाठवायची तर मऊ कव्हरची (पेपरबॅक), नवी आणि थेट दुकानातून. घरातलं जुनं पुस्तक पार्सल केलं तर परत येतं. तारेची बांधणी असलेली वही कधीच पाठवू नका.

सहावी पायरी : मध्येच सुटला किंवा हलवला गेला तर

हा लेख एवढ्या एका गोष्टीसाठी वाचलात तरी चालेल.

सत्र चालू असताना मुलगा सुटतो. घरात पेढे वाटले जातात, वर्गाचं कुणाच्या मनातही येत नाही. नाहीतर मध्यरात्री त्याला दुसऱ्या प्रिझनला हलवतात आणि तो वर्गातून गायब होतो. दोन महिन्यांनी गुणपत्रकावर ‘एफ’ पडतो, कारण परीक्षेला कुणी बसलंच नाही. असे दोन-तीन एफ साठले की कॉलेज त्याला ताकीद देतं आणि आर्थिक मदत थांबते. ज्या मुलाने आत चांगलं केलं त्याच्यावर बाहेर आल्याबरोबर नापासाचा शिक्का बसतो.

यावर उपाय आहे. त्याचं नाव ‘एक्स्क्यूज्ड विथड्रॉअल’, गुणपत्रकावर ‘ईडब्ल्यू’. सत्र संपण्याआधी सुटका झाली किंवा मनाविरुद्ध बदली झाली, ही कारणं कॅलिफोर्नियाच्या नियमांत याच्यासाठी स्पष्टपणे धरलेली आहेत. ईडब्ल्यू प्रगतीच्या हिशेबात धरला जात नाही आणि तो विषय पुन्हा घेण्याच्या संधीही कमी करत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, सोबत सुटकेचा किंवा बदलीचा कागद लागतो. मुलाला यातलं काही सुचणार नाही. हे घरच्यांनी करायचं : त्याच आठवड्यात समन्वयकाला फोन करा, सुटकेच्या कागदाचा फोटो पाठवा. सत्राचे थोडेच आठवडे उरले असतील तर आधी हेही विचारा, की उरलेलं काम बाहेरून पूर्ण करता येईल का. मी स्वतः दोनदा कॉलेजच्या ग्रंथालयात बसवून मुलांची शेवटची परीक्षा घेतली आहे. विचारलं तर शिक्षक मदत करतात.

जुने एफ आधीच पडलेले असले तरी काउन्सेलरला दाखवा. काही पुसता येतात, काही मागे टाकता येतात. आणि कॉलेजची जुनी थकबाकी आहे म्हणून गुणपत्रक मिळणार नाही असं कुणी म्हटलं तर ते ऐकून घेऊ नका. कॅलिफोर्नियात २०२० पासून कॉलेजांना तसं अडवून धरता येत नाही.

सातवी पायरी : बाहेरचे पहिले दोन आठवडे

प्रिझनमधून सुटणाऱ्याच्या हातात २०० डॉलरपर्यंत पैसे देतात, आणि भेटायला जायच्या अधिकाऱ्याचा पत्ता. जेलमधून सुटणाऱ्याच्या हातात तेवढंही नसतं. आपल्याकडची घरं या दिवसांत दोनपैकी एक करतात : पोराला घरात कोंडून ठेवतात, नाहीतर मामाच्या ओळखीने लगेच नोकरीला लावतात. दोन्ही मायेपोटी. पण या दोन आठवड्यांत त्याला एकदा कॉलेजच्या आवारात घेऊन जा. सत्र सुरू नसलं तरी.

त्याआधी ओळखपत्र. डीएमव्हीचं (वाहन-परवाना खात्याचं) कार्ड आणि सोशल सिक्युरिटी कार्ड हरवलं असेल तर नवीन. मग कॉलेजच्या रायझिंग स्कॉलर्सच्या खोलीत. बऱ्याच ठिकाणी तिथे बसणारे विद्यार्थी स्वतः आत राहून आलेले असतात, आणि तुम्ही किंवा मी दहा वेळा सांगून पटत नाही ते त्यांनी एकदा सांगितलं की पटतं. प्रवेशाच्या अर्जावर गुन्ह्याविषयी प्रश्न नसतो. २०२० च्या कायद्याने, व्यावसायिक पदव्या आणि पोलीस प्रशिक्षणासारखे अपवाद वगळता, कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांना प्रवेशाच्या वेळी तो विचारता येत नाही.

पॅरोल किंवा प्रोबेशनच्या (सुटकेनंतर किंवा तुरुंगाऐवजी देखरेख ठेवणाऱ्या) अधिकाऱ्याला वर्गाचं वेळापत्रक लेखी द्या. परवानगीशिवाय ५० मैलांपलीकडे जायचं नाही ही पॅरोलची नेहमीची अट. काहींना रात्री ठरावीक वेळेला घरात असावं लागतं. संध्याकाळचा वर्ग नऊला सुटतो आणि घरी पोचायची वेळ साडेआठची, अशा साध्या गोष्टीवरून मुलं परत आत गेल्याचं ऐकलंय. पहिल्या सत्रात दोनच विषय. चार घेऊन आई-वडिलांना खूश करायचा मोह होतो, तो होऊ देऊ नका.

नागरिकत्व नसेल तर

हे मी वेगळं काढलं, कारण आपल्यातल्या अनेकांना लागू आहे आणि इथली चूक दुरुस्त होत नाही.

ग्रीन कार्ड असेल तर केंद्राची आर्थिक मदत मिळू शकते. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर ती मिळत नाही. पण पैशाहून मोठी गोष्ट देशात राहता येण्याची. नागरिक नसलेल्याने गुन्हा कबूल करून तडजोड केली, की शिक्षा किरकोळ असली तरी हद्दपारीची वेळ येऊ शकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सांगितलं, की याची कल्पना अशिलाला देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. म्हणून सही होण्याआधी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचाही वकील हवाच. कॅलिफोर्नियात प्रोबेशन पूर्ण केल्यावर ‘रेकॉर्ड पुसून मिळतं’ असं जे ऐकू येतं, ते नोकरीसाठी बऱ्यापैकी खरं आहे, पण इमिग्रेशन खातं तो गुन्हा सहसा धरतंच. आणि एसबी ५४ या कायद्याने स्थानिक पोलिसांवर इमिग्रेशन खात्याला मदत करण्याबाबत मर्यादा घातल्या असल्या तरी स्टेट प्रिझनला त्या लागू नाहीत. सुटकेच्या दिवशी दारात कोण उभं असेल, हे आधी वकिलाकडून समजून घ्या.

पुढे : नोकरी, परवाना, विद्यापीठ

पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाला कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून, नोकरी देऊ करण्याआधी गुन्ह्याविषयी विचारता येत नाही. नंतर विचारलं तरी नुसत्या त्या कारणाने लगेच नाही म्हणता येत नाही. कामाशी संबंध काय, किती वर्षं झाली, हे पाहावं लागतं. काही व्यवसायांना परवाना लागतो. जुलै २०२० पासून राज्याची बहुतेक परवाना मंडळं सात वर्षांहून जुन्या शिक्षेवरून, गंभीर गुन्हे सोडता, अर्ज फेटाळू शकत नाहीत. तरी नर्सिंगसारख्या क्षेत्रात दोन वर्षं घालवण्याआधी त्या मंडळाला विचारा. पदवी हातात आणि परवाना नाही, ही वेळ येऊ देऊ नका.

विद्यापीठात गेल्यावर कॅल स्टेटच्या बऱ्याच कॅम्पसवर तुरुंगातून आलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारं ‘प्रोजेक्ट रिबाउंड’ आहे. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये जॉन आयर्विन या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते सुरू केलं. ते स्वतः सोलेडाड प्रिझनमध्ये पाच वर्षं राहून आले होते. यूसीकडे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे) तसंच ‘अंडरग्राउंड स्कॉलर्स’ आहे, बर्कलीत सुरू झालेलं. ट्रान्सफरचा अर्ज भरायच्या वर्षभर आधी त्यांना लिहा, ते निबंध वाचून देतात.

ज्यांना शिकवायचं आहे त्यांच्यासाठी

घरात असं काही नसताना हा लेख इथवर वाचणारेही असतील. आपल्यात मास्टर्स झालेली माणसं खूप आहेत आणि क्रेडिटचे वर्ग शिकवायला बहुतेक विषयांत तेवढी पदवी लागते. जवळच्या कॉलेजच्या समन्वयकाला लिहा. शिकवणी घेणारे, वह्या तपासणारे, पुस्तकांसाठी पैसे देणारे, सगळे लागतात. बोटांचे ठसे, टीबीची चाचणी, सुरक्षेचं प्रशिक्षण यात दोन-तीन महिने सहज जातात, तेव्हा सत्राच्या आधीच अर्ज करा. प्रिझनमध्ये निळी जीन्स घालून जाऊ नका. आतल्या लोकांचे कपडे निळे असतात, आणि दारावरचा अधिकारी तुम्हाला परत पाठवेल. फोन गाडीत ठेवा. खडू-फळा आहे का ते आधी विचारा, आणि पेन्सिली बरोबर नेण्याआधी लांबी किती चालते तेही विचारून घ्या.